जीवशास्त्र पाहिजेच

डोमा सायकलवर बसला की अर्धा या जगात आणि अर्धा भलतीकडेच असायचा. वरठीच्या स्टील कारखान्यात त्याची नोकरी, घर तलावापलीकडच्या गावात, आणि मधला सगळा रस्ता धानाच्या बांध्यांमधून. बरोबरीचे लोक केव्हाच मोटरसायकलवाले झाले. डोमाने मात्र सायकल सोडली नाही, कारण मोटरसायकलवर स्वप्नं बघत बसलं तर माणूस थेट नालीत जातो. सायकलवरूनही तो नालीत गेला होता म्हणा, पण हळू.

त्या उन्हाळ्यात त्याच्या स्वप्नांना भलताच खुराक मिळाला. लेक तृप्ती बारावी सायन्स पास झाली, तीही अशा मार्कांनी की हेडसर स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेले. आता पुढं काय? संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसून तृप्ती मोबाईलवर एकेका कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी मोठ्यानं वाचायची आणि डोमा डोळे मिटून ऐकायचा.

"कृषी पदवी. गणित असलं तरी चालते, जीवशास्त्र असलं तरी चालते. सीईटी पाहिजे. घरी सातबारा असन तर थोडे मार्क जास्तीचे."

झालं! दुसऱ्या दिवशी वरठीच्या रस्त्यावर डोमाला तृप्ती बांधावर उभी दिसायची, डोक्यावर टोपी, आणि अख्खं गाव तिला धानाच्या रोगावरचं औषध विचारतंय. इंजिनीअरिंगची अट वाचली की कारखान्याच्या गेटवर चौकीदार तिला सलाम ठोकायचा आणि मागून डोमा आपला डबा घेऊन हळूच आत शिरायचा. एका पोरीला एका उन्हाळ्यात त्यानं काय काय करून टाकलं होतं! मोठ्या मजेत चालला होता सगळा कारभार.

मग एके संध्याकाळी वाचता वाचता तृप्तीचा आवाजच बदलला. "बाबा, मत्स्यविज्ञान. नागपूरले आहे. मासे, तलाव, पाणी, सगळं हेच शिकवतात."

लहानपणी ही पोरगी तलावाच्या पाळीवर पालथी पडून पाण्यात बघत राहायची. जेवायला हाका मारून मारून तिच्या मायचा, विमलाबाईचा, घसा बसायचा.

"मंग भर ना अर्ज! वाट कोणाची पाहून राहिली?" डोमा म्हणाला. त्याला तर तलावात तरंगणारा मासेमारीचा डोंगाही दिसायला लागला होता आणि डोंग्यात तृप्तीही.

"जीवशास्त्र पाहिजेच म्हणते. माझं नाई ना, बाबा."

डोमाचा डोंगा तिथंच उलटला. कारण जीवशास्त्र त्यानंच सोडायला लावलं होतं. अकरावीच्या वेळी त्यानं कुठंतरी ऐकलं, की त्या विषयात जिवंत बेडूक कापावा लागतो. रोज संध्याकाळी घरात पंचशील म्हणायचं, पहिल्याच शीलात जीवहिंसा करणार नाही म्हणून वचन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी लेकीनं बेडकाला पाटीवर ठोकायचं? त्याला ते सहनच होईना. "बाई, येवढं माझं ऐक," असं म्हणून त्यानं पोरीपुढं हात जोडले होते. तृप्तीनं मुकाट्यानं गणित ठेवलं आणि जोडीला क्रॉप सायन्स घेतलं.

विमलाबाई तेव्हाही बोलली होतीच. "वाहवा! आयतवारी रोहूचा रस्सा वरपता, तवा कुठं जाते तुमचं शील?" रस्सा तो खायचा, पण मासा साफ होत असताना पाठ फिरवून बसायचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा खाताना त्यानं सोबतच्या केवळरामला हे सांगितलं. केवळराम पोट धरून हसला. "अबे, कोन्त्या जमान्यात आहेस तू? माही पोरगी बायलॉजीवालीच ना? बेडूक कापणं कवाचंच बंद झालं! चित्र दाखवतात, मॉडेल दाखवतात."

डोमाचा घास तोंडातच राहिला. परतताना त्या रस्त्यावर त्याला काही म्हणजे काही दिसलं नाही, नुसता रस्ता दिसला. जो बेडूक नव्हताच, त्याच्यापायी आपण पोरीची वाट अडवली, या विचारानं त्याला स्वतःची लाज वाटत होती.

घरी येऊन सायकल भिंतीला टेकवायच्या आत त्यानं विचारलं, "बेडूक कापत नाईत, हे तुले माहीत होतं?"

"अकरावीतच समजलं होतं," तृप्ती म्हणाली.

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुमी मले आजपर्यंत एकच गोष्ट मागतली, बाबा. तेबी हात जोडून."

डोमाला रडू फुटलं. अंगणात, उभ्या उभ्या, कोण बघतंय याची पर्वा न करता तो रडला.

"कृषीले लागते ना माझा नंबर," तृप्ती घाईघाईनं म्हणाली. "तिथं जाईन मी."

"तुले कुठं जायचं आहे?"

तिनं तलावाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नुसत्या जीवशास्त्राची परीक्षा बोर्डाले वेगळी देता येते. पण साल जाईन. लोक म्हणतीन, येवढे मार्क घेऊन पोरगी घरी बसली."

"म्हणू दे. साल माह्यामुळं गेलं, असं सांगीन मी एकेकाले."

आयतवारी विमलाबाईनं रोहू आणला आणि अंगणात विळी मांडली. डोमा सवयीनं पाठ फिरवून बसला. तृप्ती मोनिकाचं, म्हणजे केवळरामच्या पोरीचं, जुनं पुस्तक मांडीवर उघडून मायजवळ सरकली. "माय, थांब. मासा मले उघडू दे. फक्त कोणीतरी शेपूट धरा, घसरून राहिला."

विमलाबाईनं हात पुढं केलाच होता, तेवढ्यात डोमा उठला. समोर येऊन उकिडवा बसला आणि त्यानं मासा शेपटीकडून धरला. डोळे मात्र गच्च मिटलेले.

"बाबा, डोळे उघडा."

त्यानं उघडले. "हे कल्ले," तृप्ती बोटानं दाखवत म्हणाली, "यानं श्वास घेते. आणि हे याचं हृदय."

"येवढंसं?"

"येवढंच असते."

डोमानं शेपूट आणखी घट्ट धरली. "पुढं सांग," तो म्हणाला.