बँकॉकच्या विहारात आईच्या शेजारी बसलेली आजी

मैत्रिणींनो, आज दुपारी चिकलठाणा विमानतळावर आईला आणायला गेले होते. आमच्या वस्तीतल्या बायकांबरोबर ती बँकॉक बघून आली. आमच्या घरातला पहिलाच परदेश, आणि हट्ट करून पाठवलं मीच. तिथल्या बाजारात तिची चुकामूक झाल्याचं कळलं, तेव्हापासून एकच धास्ती होती: आता ही पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही.

रिक्षात हळूच विचारलं, "आई, लई घाबरलीस का गं?"

"घाबरले की! क्रांती चौकापेक्षा जास्त गर्दी, पण हॉर्न नाय. कुणाला काय विचारावं, कळंना. मग समोरच्या विहारात जाऊन बसले आन् बुद्धवंदना म्हणायला लागले. तर शेजारची म्हातारी पण म्हणायला लागली! चाल तिची वेगळी, शब्द आपलेच, पालीतले."

त्या आजींनीच आईच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर बघून सहलीवाल्यांना फोन लावला आणि ते येईपर्यंत तिचा हात धरून बसल्या.

"मग आता बास ना फिरणं?"

"बास कशाला? पुढच्या खेपेला तू पण चल. हरवलीस तर मी हाय ना."

तुमच्या आईला कुठं जायचंय, कधी विचारलंय का?