सातमाशी मुलीचा जबाब

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग हसू येतं. शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. प्रश्नांची सरबत्ती करायची, समोरच्याला उसंत द्यायची नाही, म्हणजे खरं बाहेर पडतं, ही माझी पद्धत. खात्यात तिचं कौतुक व्हायचं आणि मीही जरा हवेत असायचो.

कवठे येमाईच्या बाजूच्या एका धनगर वस्तीवरून भरदुपारी तीस मेंढ्या नाहीशा झाल्या. घरची मंडळी लांबच्या रानात कांदा काढायला गेली होती. वस्तीवर तेरा वर्षांची मुलगी एकटीच होती. वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळीचं कुंपण, उघडी सापडली. खबर द्यायला मुलीचे आजोबा आले. त्यांना सगळे आबा म्हणत.

"चोरी कसली सायेब," आबा म्हणाले, "आमच्या येडीनंच वाघूर उघडी टाकली आसंल. उद्यापास्नं तिची शाळा बंद. घराभाईर सोडतच न्हाई आता."

मागे मुलीची आई उभी होती. "तिनं न्हाई उघडली. तिला कुणी इचारलंय का?" ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खबऱ्याचा फोन आला. आदल्या दिवशी मेंढ्यांनी भरलेली एक गाडी यवतच्या ढाब्यावर थांबून दौंडकडे गेली होती. पण त्या रस्त्याने अशा गाड्या रोज जातात. गाडीचा रंग त्याने पाहिला नव्हता आणि माणसंही नीट आठवत नव्हती. आता उरली ती मुलगी. तिच्याकडून काही कळलं नाही तर मेंढ्या जाणार आणि तीही जन्माची घरात कोंडली जाणार, एवढं मला दिसत होतं.

मुलांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. म्हणून हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन मी वस्तीवर गेलो. मी नेहमीच्या वेगाने सुरू केलं आणि हवालदाराने शब्दन् शब्द उतरवला. तो कागद माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

गाडी कुठल्या रंगाची होती? गप्प.
माणसं किती होती? "निळी."
त्यांचे कपडे कसे होते? "दोन."
तू ओरडली का नाहीस? "कंपनीचे. खिशावर पट्टी."
त्यांतल्या कुणाला ओळखतेस का? "भ्या वाटलं."
बरं, शाळेत कितवीला आहेस? "मेंढ्या कातरायला येतो त्यो."

हवालदाराला हसू आवरेना. मी त्याला म्हणालो, "लिहा, साक्षीदार मंदबुद्धी, जबाब उपयोगाचा नाही." हे मी मुलीसमोर म्हणालो. लिहिताना आजही लाज वाटते.

आई चहा घेऊन आली. तिने ते ऐकलं होतं. कप ठेवत ती शांतपणे म्हणाली, "सायेब, ही सातमाशी. झाली तवा रडलीबी न्हाई लवकर. महिनाभर काचंच्या पेटीत व्हती. चालली उशिरा, बोलली उशिरा. पर समदं केलं. उत्तरबी देती, पर तिच्या टायमानं. तुमी थांबतच न्हाई."

मी कागद पुन्हा हातात घेतला. माणसं किती, तर निळी. कपडे कसे, तर दोन. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. मुलगी एकही उत्तर चुकली नव्हती. ती मागच्या प्रश्नाचं उत्तर देत होती, आणि तोवर मी पुढचा प्रश्न फेकून मोकळा होत होतो. प्रत्येक उत्तर एक ओळ वर सरकवलं. निळी गाडी, दोन माणसं, अंगात कंपनीचे कपडे, भीती वाटली म्हणून ओरडली नाही, आणि त्यांतला एक मेंढ्या कातरायला येणारा. अख्खा गुन्हा माझ्या मांडीवर पडला होता आणि मी तो उपयोगाचा नाही म्हणत होतो.

मी पहिल्यापासून पुन्हा विचारलं. एक प्रश्न, आणि मग गप्प. कधी अर्धं मिनिट जायचं, कधी जास्त. दहा वेळा पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आला आणि दहा वेळा महिला शिपायाने मला डोळ्यांनीच दटावलं. सगळी उत्तरं तीच आली, या वेळी आपापल्या जागी.

कातरणाऱ्याला त्याच दिवशी ठाण्यात आणला. नवीन शिकलेली विद्या मी त्याच्यावरही वापरून पाहिली. "काल दुपारी कुठे होतास?" एवढंच विचारलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. घरी होतो म्हणाला, झोपलो होतो म्हणाला, आजारी होतो म्हणाला. मी काहीच बोलेना. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, "सायेब, त्या येड्या पोरीचं काय ऐकताय?" मी मुलीचा म सुद्धा काढला नव्हता.

पुढचं सोपं होतं. त्याचा मेव्हणा कुरकुंभच्या एका कारखान्यात कामाला होता. गेटवरच्या नोंदीत त्या दिवशी त्याची पहिल्या शिफ्टची गैरहजेरी मिळाली. निळी गाडी त्याच्या दारात उभी होती आणि तीसच्या तीस मेंढ्या मागच्या शेडमध्ये. पंचनामा करताना मी मनातल्या मनात नाचत होतो, हे कबूल करतो.

खटला शिरूरच्या कोर्टात चालला. आरोपीच्या वकिलांनी मुलीवर एका दमात तीन प्रश्न टाकले. त्या दिवशी ऊन होतं का, तू कुठे बसली होतीस, आणि तिथून गाडी दिसते का? मुलगी गप्प. "साक्षीदार उत्तर देऊ शकत नाही, अशी नोंद व्हावी," वकील म्हणाले.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "कोर्टाला घाई नाही."

कोर्टाला घाई नसते, हे एरवी आम्हा पोलिसांचं रडगाणं. त्या दिवशी ते वाक्य कानाला फार गोड लागलं. मग मुलगी बोलली.

"ऊन व्हतं. लिंबाखाली बसले व्हते. दिसती की, तुमी या, दावते."

वकील खाली बसले. आरोपींना शिक्षा झाली.

सातमाशी मुलांबद्दल नंतर मी एका बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, प्रत्येक मूल वेगळं असतं. काहींना पुढे कसलीच अडचण येत नाही, काहींना जास्त मदत लागते आणि काहींना फक्त वेळ लागतो. निवृत्तीनंतर मला एकच गोष्ट टोचते. 'जबाब उपयोगाचा नाही' असं लिहून मी किती माणसांना वाटेला लावलं असेल, त्यांतल्या कितींच्या उत्तरांची मी वाटच पाहिली नसेल.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर भेळेच्या गाड्यापाशी आबा नातीला घेऊन उभे होते. शाळा कधीच पुन्हा सुरू झाली होती. "बाय, भेळ खाती का भजी?" त्यांनी विचारलं. भेळवाला घाई करू लागला तसा आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी म्हातारा जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दोन्ही."