पिल्लंवाली मुशी

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, शिजायला लागली की तिच्या उग्र वासाने मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं. मला दूधच येत नव्हतं आणि लेक छाती ओढून ओढून थकायची, मग रडायचीही थांबायची. मुशीने दूध उतरतं म्हणून सासूबाई दिघीच्या बंदरावर गेल्या आणि नुकत्याच लागलेल्या होडीतून एक आख्खी घेऊन आल्या. विळीवर तिचं पोट फाडलं तर आधी अर्धवट जिरलेला जवळा, ती बारकी कोळंबी, बाहेर आला आणि मग बोटभर पिल्लं, नाळेला लटकलेली, वळवळणारी. "आई, जिती हायेत ही," मी हळूच म्हटलं. सासूबाई हसल्या. "जवळा पण जिताच व्हता. तो हिनं खाल्ला, हिला तू खा, तुला तुझी लेक खाईल. पिल्लं कवळी असतात, त्यांनीच दूध येतं." पिल्लं तशीच रश्शात गेली. मी ताट पुसून खाल्लं. दोन-तीन दिवसांत चोळी भिजली, लेक पोटभर पिऊन झोपली, आणि मीच सासूबाईंना म्हटलं, "उद्या पण पिल्लंवालीच बघा." आता तीच लेक बाळंत होऊन माझ्याकडे आली आहे. आज सकाळी बाजारात मी मुशीचं पोट आधी दाबून पाहिलं.