दादाचा नंबर

डी.एड.च्या यादीत नंबर लागला आणि दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून वाशीला निघालो. दादा तिथल्या मार्केटात पोती उचलायचा आणि त्या पोत्यांवर माझं शिक्षण चाललं होतं. आमच्या घराची इंग्रजीशी फारशी ओळख नव्हती, पण नंबर हा शब्द आईलाही यायचा. पोरगा वर्गात पहिला आला की नंबर, तिच्या चष्म्याला नंबर, पिठाच्या गिरणीत नंबर. एसटीत मी अगदी हवेत होतो.

वाशीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्ते रुंद, झाडं कोवळी, इमारती एकाच साच्यातून काढलेल्या. सेक्टरला नंबर, इमारतीला नंबर, खोलीला नंबर. गावात माणूस शोधायचा तर बापाचं नाव सांगायचं. इथे बापाला कोण विचारतो! दोन तास त्याच तीन गल्ल्यांत हिंडलो, गार भजीपाव खाल्ला. शेवटी कोळंबीची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीनेच हाक मारली.

"काय र पोरा, तिसऱ्यांदा चाललास. नंबर कंचा?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली.

"ती मागची बिल्डिंग हाय. आमचे गावान नावार घर सापरतं. ह्ये शहर बांदलं त्यांनी आमचे शेतांना नंबर दिले, न मग आमाला पन." तिने पाटीवरच्या माश्या हाकलल्या.

त्या खोलीत दादाची टोळी (मिळून माल चढवणारा-उतरवणारा गट) राहायची. दार उघडंच होतं. दादा सतरंजीवर उताणा पडला होता. मला बघून त्याने फक्त मान वळवली. चार दिवसांपूर्वी पाठीवर पोतं असताना ट्रकच्या फळीवरून त्याचा पाय सरकला होता; घरी त्याने कळवू दिलं नव्हतं. आता ओझं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी त्याला यादीचं सांगून पेढा दिला. त्याने तो उशाशी ठेवला.

टोळीचे मुकादम सोपानतात्या चहा घेऊन आले. "बरं झालं तूच आलास. टोळीत ह्याचा नंबर रिकामा पडलाय. आपल्यात रीत हाय, गड्याचा नंबर घरातच ऱ्हातो. भावानं धरायचा, न्हाईतर पोरानं. सोमवारी उभा ऱ्हा. न्हाईतर दुसरा गडी घालावा लागंल."

"तात्या, त्यो मास्तर हुणार हाय," दादा म्हणाला.

"मग घरात खायचं काय?"

तात्यांनी हे रागाने विचारलं नव्हतं. घरी आई, वहिनी, दादाच्या दोन पोरी. दादा भिंतीकडे वळायला गेला, तेही त्याला जमलं नाही. मी म्हणालो, "राहतो उभा." तेव्हा मला दादाचा, तात्यांचा, स्वतःचा, सगळ्यांचा संताप आला होता. आजही येतो.

दुसऱ्या दिवशी दादाला एसटीच्या पुढच्या बाकावर निजवून गावी निघालो. त्याला पोचवायचं आणि अंथरूण घेऊन परत यायचं. वाशीची खाडीसुद्धा पाहायची राहून गेली. मला पोत्याचा वारा लागू नये म्हणून या माणसाने कधी मार्केटात पाऊल टाकू दिलं नव्हतं. घाट लागला. मग त्याने माझी बाही ओढली.

"गुडघ्यातनं उठायचं, कमरेतनं न्हाई. पैले आठ दिस दुसऱ्याला पोतं चढवून दे नुसतं. पाठीवर घेऊ नगं."

"बरं."

"बरं न्हाई. म्हणून दाखव."

लहानपणी पाढेही त्यानेच माझ्याकडून घोकून घेतले होते, अशाच आवाजात. मी खिडकीबाहेर बघत म्हणू लागलो, "गुडघ्यातनं उठायचं, कमरेतनं न्हाई..."