मेट्रनबाईंचा पाहुणचार

मेट्रनबाईंइतका वाईट पाहुणचार आमच्या उभ्या सिंधुदुर्गात कोणी करत नसेल, आणि हे मी त्यांच्या घरी सात महिने जेवून सांगते आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्यांचं जेवण. मालवणी बाईने बांगड्याच्या सारात मीठ-मिरची घालायला बिचकावं, हे मी तिथे प्रथम पाहिलं. तीस वर्षं लष्करी इस्पितळांत काढल्यामुळे त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस नुकताच ऑपरेशन होऊन वॉर्डात आलेला असतो. दारात आलेल्याला त्या 'बसा' म्हणत नाहीत. आधी मनगट धरतात आणि नाडी बघत बघत बोलतात. पोस्टमन, मासेवाली, बँकेतला साहेब, कोणीही सुटत नाही. बँकेतल्या साहेबांनी एकदा "पेन्शनची फाईल वर पाठवलीय" असं सांगितलं, तेव्हा बाईंनी काउंटरच्या फटीतून हात घालून त्यांचं मनगट पकडलं आणि म्हणाल्या, "साहेब, फाईल हयच आसा. तुमची नाडी धावता." फाईल खरंच तिथेच निघाली, खालच्या खणात.

वेंगुर्ल्याबाहेर त्यांचं चार खोल्यांचं कौलारू घर आहे. त्यात पाच खाटा. ज्या बायकांनी गणवेशात नोकरी केली, कोणी नर्स म्हणून, कोणी वायरलेसवर, कोणी बंदूक घेऊन, आणि नोकरी संपल्यावर ज्यांना राहायला छप्पर उरलं नाही, त्यांच्यासाठी त्या खाटा आहेत. घरावर पाटी नाही. जुन्या सहकारी एकमेकींना पत्ता सांगतात आणि एक दिवस कोणीतरी पत्र्याची ट्रंक घेऊन फाटकात उभी राहते. मुक्काम सहा महिने. तेवढ्यात पेन्शनचे कागद, डॉक्टर, औषधं, मोडलेली झोप, एखादं काम आणि शेवटी स्वतःची खोली, एवढं सगळं व्हायला हवं. "ह्यां घर न्हय, ही तर आसा, खाडी पार करूची होडी," असं त्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी बजावतात. "तरीत बसान पलीकडे जावचा. तरीत कोण चूल मांडता काय?" आणि गेलेल्या बाईकडे त्या पुन्हा कधी जात नाहीत. पेशंट घरी गेल्यावर मेट्रन मागोमाग गेली तर तो बरा झाल्यासारखा वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तिथे गेले ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्याकडे धीर कमी आणि कागद जास्त होते. बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली मी स्वतः तयार केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. ती मी ज्यांच्यापुढे ठेवली त्या हवालदारताई. निमलष्करी दलात एकवीस वर्षं काढून आलेल्या, उंच, पाठ भिंतीसारखी सरळ. नवरा गेल्यावर सासरचं दार बंद झालं. माहेरचं घर त्यांच्याच पगारातून उभं राहिलं होतं, पण तिथे भावाने त्यांना स्वयंपाकघरातला कोपरा आणि दोन लहान मुलं सांभाळायला दिली. महिनाभर राहून त्या निघाल्या. हे मला माहीत होतं, तरी प्रश्न क्रमांक सात मी वाचलाच: "आपणास कशाची भीती वाटते?" त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, "मेट्रनबायच्या साराची."

मी न राहवून म्हटलं, "बिचाऱ्या तुम्ही!" आतून कोणीतरी कळशी आणून माझ्यापुढे ठेवली. त्या घरात 'बिचारी' हा शब्द उच्चारणाऱ्याला विहिरीवरून दहा कळश्या पाणी भरावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी चाळीस भरल्या. मेट्रनबाई मला नावाने कधीच हाक मारत नसत. "ए कॉलेज," त्या ओट्यावरून ओरडत, "समाजसेवा सांडता मगो! कळशी सरळ धर."

त्या साराचं गुपित मला बऱ्याच उशिरा कळलं. हवालदारताई पहिले तीन आठवडे पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायच्या, ताट धुवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एका दुपारी मात्र त्यांनी एक घास घेतला, ताट बाजूला सारलं, चुलीपाशी जाऊन बाईंच्या हातातली पळी हिसकावली आणि म्हणाल्या, "सरा! ह्यां काय जेवण आसा?" मला वाटलं, आता भांडण. बाई निमूट बाजूला झाल्या, बाहेर ओट्यावर आल्या आणि वहीत तारीख लिहून मला म्हणाल्या, "बरी होतली ही." त्या मुद्दाम अळणी करत होत्या की खरंच येत नव्हतं, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. दोन्ही असावं.

पाचव्या महिन्यात हवालदारताईंना नांदगावजवळच्या एका काजू कारखान्यात सुरक्षेचं काम मिळालं. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. प्रश्न फक्त खोलीचा होता. खोली नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर भावाच्या स्वयंपाकघरातला कोपरा. भाऊ दर आठवड्याला फोन करून त्याची आठवण देतच होता. आम्ही तिघी एसटीने जाऊन घरं बघू लागलो. एका घरमालकाने दारातच विचारलं, "घोव खंय आसा हिचो?"

बाईंनी त्याचं मनगट धरलं. "तुजी बायल खंय आसा?"

"मुंबयक. झिला-सुनेकडे."

"मगे तूय एकटोच मरे! तुका कोण घर देतलो?"

उत्तर चोख होतं, पण खोली मिळाली नाही. अशी अकरा घरं झाली. मी प्रत्येक नकार तक्त्यात नोंदवला आणि परत आल्यावर ओट्यावर बसून अहवालातला उतारा मोठ्याने वाचला: "एकट्या स्त्रीविषयी ग्रामीण समाजाची मानसिकता अद्याप संकुचित असून..." माझ्याच भाषेवर खूश होऊन मी तो दोनदा वाचला.

बाईंनी माझं मनगट हातात घेतलं. "तुजा गाव खंयचा गो?"

"नांदगावच्या... जवळच."

"जवळ म्हणजे?"

"कारखान्यापासून दोन किलोमीटर."

"घराक पडवी आसा?"

"आसा."

"रिकामी?"

"नाही. काजूची पोती असतात."

बाईंनी मनगट सोडलं नाही. "ती पोती खंयच्या फौजेतसून रिटायर झाली?"

मला हसूही आलं नाही आणि रडूही. अकरा घरांची मानसिकता मी तपासली होती. बारावं घर माझ्या बाबांचं होतं आणि ते मला तक्त्यात नको होतं. बाबा नाही म्हणतील याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ते हो म्हणाले आणि वाडीत कुजबुज झाली तर काय, याची जास्त होती. हवालदारताई मधेच म्हणाल्या, "असांदे, मेट्रनबाय. ह्या कॉलेजच्या चेडवाक कित्याक अडचणीत घालतास?" त्यांनी असं म्हटल्यावर तर मला विहिरीत उडी मारावीशी वाटली.

शनिवारी घरी गेले. वाटेत पाच मुद्दे पाठ केले होते. त्यातला 'बाबा' एवढाच मुद्दा तोंडातून बाहेर पडला. पुढचं आईने काढून घेतलं. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "बाई चांगली असात. पण एकटी. उद्या कोण काय बोललो तर? आपल्या घरात तूय आसस." म्हणजे नकाराचं कारण मीच. बारावी नोंद.

त्याच संध्याकाळी परत येऊन मी तोंड पाडून ही बातमी दिली. मेट्रनबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या, बाबांना नमस्कार केला आणि खोलीबद्दल एक अक्षर न काढता थेट पडवीत शिरल्या. भिंतीला हात लावून पाहिला, खिडकी ढकलून पाहिली, दार दोनदा लावून उघडलं. मग खळ्यात येऊन जाहीर केलं, "नको. ही खोली हवालदाराक चलाची नाय."

बाबा उभेच राहिले. आदल्या दिवशी स्वतःच नाकारलेली पडवी दुसऱ्या कोणी नाकारावी, हे त्यांना सहन होईना. "कित्याक चलाची नाय? माज्या बापाशीन बांधलेली आसा!"

"दाराक कडी भायरसून आसा. आतून नाय."

"पोत्यांक आतून कडी कित्याक व्हयी?" बाबा म्हणाले.

"तांच म्हणतंय," बाई म्हणाल्या. "माणसाक व्हयी."

बाबा दाराशी जाऊन आतली बाजू चाचपू लागले. त्या मात्र आईने दिलेलं कोकम सरबत पिऊन, त्यात मीठ जास्त आहे असं सांगून निघून गेल्या. संध्याकाळी बाबांनी पोती एक एक करून माळ्यावर चढवली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू अभ्यास कर." सोमवारी सुतार आला. आतून कडी बसली आणि वर एक अडसरही. आईने जमीन सारवली. वाडीत कोणी विचारलं तर बाबा मोठ्याने सांगत, "मिलिटरीतली बाई येतली. तिका पडवी पसंत पडाक व्हयी मां!"

महिनाअखेरीला हवालदारताई ट्रंक घेऊन आल्या. बाईंनी पुन्हा दार लावून पाहिलं, कडी दोनदा सरकवून पाहिली आणि मान हलवली. ताई आत गेल्या. दार लागलं, कडी सरकल्याचा आवाज आला. दुपार झाली, चहा झाला, दार उघडेना. आईला काळजी वाटू लागली. बाई म्हणाल्या, "निजान्दे तिका." बाबांनी अंगणात लाकडं फोडणाऱ्या गड्याला हातानेच थांबवलं. चार वाजले तेव्हा बाई उठल्या, दाराकडे एकदा पाहिलं आणि हाक न मारता हायवेकडे चालू लागल्या. एसटीत चढताना मला म्हणाल्या, "मी गेलंय म्हणान सांग तिका. आज नको. फाल्यां सकाळी."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माझा अहवाल सादर झाला. त्यात बारा घरांच्या नोंदी आहेत आणि बाराव्यापाशी मला बरंच काही खोडावं लागलं. हवालदारताई कारखान्यातून आल्या की वाडीतल्या मुलींना पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पळवतात, आणि बाबा शिट्टी घेऊन मधे मधे करतात. मेट्रनबाईंना मी रविवारी फोन करते. त्या कधीच फार बोलत नाहीत. नवीन बाई आली आहे, खाट भरली आहे, फोन ठेव. परवा मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, "कडी लागता मां नीट?"

मी सांगितलं, "कडी चांगली आहे. पण ताई हल्ली ती लावतच नाहीत. दिवसभर दार उघडंच असतं. पोरी आतबाहेर करत असतात."

पलीकडे पळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ए कॉलेज," त्या म्हणाल्या, "पुन्ना माका असां काय सांगा नको गो."

"कित्याक?"

"येवचासा वाटता."