मावशीनं पॉवर कमी केली

शेवटची भेट पालघरच्या दवाखान्यात झाली. नाकात नळी, तरी हिरामावशी मला म्हणाली, "माकडा, सोसायटीच्या चेअरमनची नक्कल कर." मी केली. शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकायला लागली आणि नर्सनं मला बाहेर काढलं. त्याच आठवड्यात मावशी गेली...

सातपाटीला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस खोलीत मावशी माझी साहेब. बोटींपर्यंत आमचा आवाज पोचवणारं मशीन लांब टेकडीवर कुलपात. आमच्यापुढे नुसता कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. इंग्रजीत हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, की तिकडे मशीन ऐकणार. मावशी आधी 'स्टेटस' टाइप करायची आणि बाजारातल्या आवाजात विचारायची, "बोल रे बाबा, कसा हायेस?" पडद्यावर मशीनची पॉवर आणि उष्णता उमटायची. "इचारल्याबिगर कोनाला काय काम सांगायचा नाय," म्हणायची. मी मशीन होऊन चिरकायचो, "बरा हाय मावशी, तू जेवलीस काय?" की पाठीत धपाटा.

एका दुपारी वारा एकदम फिरला. बोटी बाहेर होत्या, सगळ्यांना परत बोलवायचं होतं. बायका दाराशी गोळा झाल्या. सगळ्यात लांब होती 'जलराणी', आणि तिच्यावर मावशीचा एकुलता एक पोरगा, जना. मावशी हाका मारत होती, पण कोणाचंच उत्तर धड येईना. तिनं स्टेटस विचारलं. टेकडीवर मशीन थंड ठेवणारा पंखा बंद पडलेला, मशीन तापत चाललेलं.

"पॉवर वाडव ना गं!" बायका ओरडल्या.

वाढवली तर मशीन जळणार, मग कोणालाच काही ऐकू जाणार नाही. कमी केली तर मशीन टिकेल, जवळच्या बोटी ऐकतील, पण जनापर्यंत आवाज पोचणार नाही. मी म्हटलं, "मावशी, जरा थांबू या?"

"जवलच्या बोटींवर कोनाची पोरां नाय काय?" असं म्हणून तिनं पॉवर कमी करायचा हुकूम टाइप केला. तिचं बोट एंटरवर राहिलं... मग दाबलं.

माइक घेऊन म्हणाली, "ज्याला ऐकू येतंय, त्यानं त्याच्या फुडच्याला सांगा. समदे घरी या."

जवळच्या बोटींनी आपापल्या वायरलेसवरून पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. आमच्या खोलीत नुसती खरखर. मावशी पदराचं टोक पिळत उभी. बऱ्याच वेळानं जवळची बोट चालवणाऱ्या पांडूनाखवाचा घोगरा आवाज आला, "हिराबाय, तुजा जना निघाला. बोल्ला, आयेला सांग, कालवन कर."

"मेल्याला वाऱ्यातपन भूक!" म्हणत मावशी खाली बसली आणि माझा चहा पिऊन टाकला.

मावशी गेल्याची बातमी बोटींना मीच दिली. मशीन थंड होतं, पॉवर पूर्ण, शेवटच्या बोटीलाही माझा आवाज स्वच्छ ऐकू गेला असणार. तरी पांडूनाखवानं ती बातमी पुढच्या बोटीला सांगितली, तिनं तिच्या पुढचीला. एकेक नाखवा आपल्या आवाजात "आपली हिराबाय गेली रे" सांगत गेला. त्यातल्या प्रत्येकाची नक्कल मला येते. त्या दिवशी मी फक्त ऐकत बसलो, पार लांबून कोणीतरी "निरोप पोचला" म्हणेपर्यंत.