मैदानात न काढलेले आठ

जानेवारीचा तिसरा मंगळवार. उद्या कोर्टात साक्ष आहे, म्हणून सुती साडीला इस्त्री करून ठेवली. निवृत्तीनंतर साक्षीला जाताना वर्दी नसते, पण चुरगळलेल्या कपड्यांतल्या साक्षीदाराला वकील जरा जास्तच तुडवतात, हे नोकरीत पुष्कळ पाहिलं. समन्सवर गुन्ह्याचा क्रमांक होता. तो जुळवायला मला कागद उघडावे लागले नाहीत. काही घटना आपण आठवत नाही, त्याच येऊन बसतात. ही तशी आहे.

मी तेव्हा कोराडी रस्त्याकडच्या एका ठाण्याची ठाणेदार होते. वीज केंद्राची राख वाहणारे टिप्पर हा आमच्या हद्दीतला रोजचा विषय. राख उडू नये म्हणून टँकर रस्त्यावर पाणी मारतो. पाणी आणि राख मिळून जो गिलावा होतो त्यावर माणूस चालतानाही घसरतो. अशाच एका दुपारी राख टाकून परतणारा रिकामा टिप्पर डाव्या वळणावर वळलाच नाही. सरळ जाऊन पलीकडच्या बस थांब्यात घुसला. थांब्यावर एकच बाई होती. कॉलनीतल्या घरांमध्ये स्वयंपाक करून शहराकडे परत निघालेली. तिचा डबा नंतर नालीत सापडला, झाकण तसंच लागलेलं.

ड्रायव्हर पळाला नाही. लोकांनी मारलं, तो मार त्याने खाल्ला. ठाण्यात आणला तेव्हा अंगावर राखच राख, त्यात ओठाचं रक्त. उमरेडकडचा, विणकराच्या घरातला. बापाचा माग बंद झाल्यावर हा स्टेअरिंगवर बसला. वैद्यकीय तपासणीत दारू नाही. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "लिहा म्याडम, मले झोप लागली होती."

"कधीपासून चालवत होतास?"

"सकाळपासून. झोप लागली. माही चूक हाय."

मालक अर्ध्या तासात वकील घेऊन आला. आवाज न चढवणारा, हात जोडून बोलणारा माणूस. "मॅडम, पोराने कबूल केलंच आहे. गाडी एकदम फिट आहे. आपण तपासून घ्या." मोटार वाहन निरीक्षकाने तपासलीही. ब्रेक ठीक, स्टेअरिंग ठीक, टायर ठीक. त्याच्या अहवालात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. जे तपासायची पद्धत होती ते त्याने तपासलं होतं.

कबुली होती, अहवाल होता, मृत बाईचा नवरा रोज फाटकाशी येऊन उभा राहत होता. दुसरं कोणी असतं तर दोषारोपपत्र टाकून मोकळं झालं असतं. मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक, टिप्परची पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळलेली होती आणि गाडी मात्र सरळ गेली होती. दोन, ड्रायव्हरचे दोन्ही अंगठे सुजून काळे पडले होते. चाक आदळलं की स्टेअरिंग उलटं फिरतं आणि घट्ट धरलेल्या हाताचे अंगठे मोडतं. झोपलेल्या माणसाचे हात सैल असतात. याने स्टेअरिंग जीव खाऊन डावीकडे ओढलं होतं.

मग खोटं का बोलतो? दारू लपवायला लोक झोप सांगतात. इथे दारूच नव्हती.

आमच्या ठाण्यात एक जाडजूड हवालदार होते. ते राख बंधाऱ्याच्या फाटकाशी एका बाईच्या टपरीवर चहा पीत. तिसऱ्या दिवशी ते त्या बाईलाच घेऊन आले. ती आत यायला तयार नव्हती.

"चल ना वं बाई, म्याडम खात नाही तुले," हवालदार म्हणाले.

"तुम्ही तर रोज खाता गा माहे बिस्किटं," ती म्हणाली आणि आत आली.

तिने सांगितलं ते असं. तिच्या टपरीसमोर टिप्पर वळण घेतात. त्या दिवशी सकाळी हा टिप्पर भरून निघाला तेव्हा वळताना मागून ठोके देत होता. कोणी आतून घण मारावा तसे. सरळ झाला की बंद. "मी रोजचे टिप्पर ऐकतो म्याडम, असा आवाज नाही राहत. म्हणून मी त्याले हात केला, थांब म्हणून. त्यानं हसून मलेच हात केला अन् गेला."

"त्याला आवाज ऐकू आला नसेल?"

"आत काय ऐकू येते बाप्पा. इंजिनचा आवाज, भरलेली राख, गाणं लावलेलं."

वळताना आवाज, सरळ चालताना शांत. मी आमच्या मोटार विभागाच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने कागदावर दोन चाकं काढून समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळं फिरू देणारा भाग मागच्या आसात असतो, डिफरन्शियल. पण चिखलात किंवा राखेत याचाच तोटा होतो. एक चाक जागीच गरगरतं आणि गाडी हलत नाही. म्हणून जास्त ताकदीच्या काही गाड्यांत लिमिटेड स्लिप नावाचा प्रकार बसवतात. आत प्लेटांची चळत असते, ती दोन्ही चाकांना थोडं एकमेकांशी बांधून ठेवते. थोडंच. फार बांधली तर गाडी वळायचं नाव घेत नाही, निसरड्यावर तर नाहीच.

ड्रायव्हरला समोर बसवलं. "डिफरन्शियलचं काम कधी केलं?" एवढंच विचारलं. त्याचा चेहरा पडला, पण उत्तर तेच. "झोप लागली होती म्याडम. काहून विचारून राहिले तेच तेच?" त्याचा धाकटा भाऊ त्याच मालकाकडे क्लीनर होता. भावाला गाडी देण्याचं आणि कोर्टाचं सगळं बघण्याचं मालकाने कबूल केलं होतं, हे हवालदारांनी घरच्यांकडून काढलं. मालकाने तो लिमिटेड स्लिपचा भाग बाहेरून जुना आणून, कोणाची परवानगी न घेता बसवून घेतला होता. गाडीत दोष निघाला तर विमा गेला आणि राखेचं कंत्राटही गेलं. ड्रायव्हर झोपला असेल तर फक्त ड्रायव्हर गेला.

मला वाटलं, कारण सापडलं. ते अर्धंच होतं.

काम लकडगंजकडच्या एका गॅरेजमध्ये झालं होतं. तिथला मिस्त्री पन्नाशीचा, हाताला वंगण, बोलण्यात रुबाब. चौकशीत मी अशा माणसाला दरडावत नाही. त्याच्या कामाबद्दल विचारते. गप्प बसणारा माणूसही स्वतःच्या हुनराबद्दल बोलताना थांबत नाही.

"देखो मॅडम, लिमिटेड स्लिप बसवणारा या शहरात मीच. प्लेटा रातभर तेलात भिजवाव्या लागतात. तेलही वेगळं, साधं चालत नाही. अन् बसवल्यावर आठ काढावे लागतात."

"आठ म्हणजे?"

"मोकळ्या मैदानात रिकामी गाडी हळूहळू आठच्या आकड्यात फिरवायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याशिवाय तेल प्लेटांमध्ये शिरत नाही. आठ काढल्याशिवाय माझ्या गॅरेजमधून गाडी जात नाही. कुणालाही विचारा."

"या टिप्परचे काढले?"

"काढले म्हणजे? मीच खाली उभा होतो."

"कुठे?"

"समोरच्याच मैदानात."

कोपऱ्यात उभे असलेले आमचे हवालदार खाकरले. "कोणत्या मैदानात गा? त्या अख्ख्या आठवड्यात तिथं प्रवचनाचा मंडप होता. बंदोबस्ताले मीच खुर्ची टाकून बसलो होतो. तिथं सायकल फिरवाले जागा नव्हती."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो आठ न काढल्याचं सरळ कबूल करू शकला असता. आठ काढायचे राहिले, हा काही गुन्हा नव्हे. पण बाजारात त्याचं नाव त्या आठांवर होतं. न काढता गाडी सोडली हे तो मला काय, स्वतःलाही सांगायला तयार नव्हता. जिथे रुबाब तिथेच त्याचं खोटं होतं.

त्यानंतर तो फार वेळ टिकला नाही. जुन्या प्लेटा झिजल्या होत्या. मालकाने नव्या पूर्ण आणू दिल्या नाहीत, अर्ध्याच आणल्या. झिजलेल्या आणि नव्या एकत्र बसवल्यावर चळत ढिली पडत होती, म्हणून मिस्त्रीने मागे वायसरच्या चकत्या घालून ती दाबून टाकली. मालकाचा हुकूम होता, राखेत एकही चाक जागेवर फिरायला नको. वेगळं तेल संपलं होतं, साधं ओतलं. भिजवायला वेळ नव्हता, कोरड्याच बसवल्या.

"आठ तरी काढायचे," मी म्हणाले.

"मैदान भरलेलं होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, कोराडीकडे जाताना कुठे मोकळी जागा पाहून काढून घे. तो म्हणाला, मामू, माहा नंबर जाईल." राख बंधाऱ्यावर टिप्पर ओळीने भरतात. एकदा नंबर गेला की दिवसभराची एक खेप कमी.

आम्ही पंचांसमोर मागचा आस उघडला. प्लेटा जळून निळ्या पडल्या होत्या, काही एकमेकींना चिकटल्या होत्या. मोटार विभागाच्या मिस्त्रीने हाताने चाक फिरवून पाहिलं. एक फिरवलं की दुसरं त्याच्यासोबतच फिरत होतं. पंचांपैकी एकाने विचारलं, "म्हणजे हा वळणारच नव्हता?" पंचनामा लिहून सह्या घेतल्या, भाग सील केले.

ड्रायव्हरचं नाव आरोपींतून काढून साक्षीदारांत घालायचं ठरलं. मालक आणि मिस्त्री आरोपी झाले. ते सांगायला मी ड्रायव्हरला बोलावलं. वाटलं होतं, सुटल्यासारखा रडेल. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

"झोप खोटी होती ना?" मी विचारलं.

"हाव."

"मालकासाठी बोललास?"

"मालकानं फोनवर सांगितलं होतं. पण त्याच्यासाठी नाही बोललो." मग म्हणाला, "आठ काढले नाही म्हणून लोकायले कसं सांगू? झोप लागली म्हटलं तर लोक समजून घेतात. नंबरासाठी बाई मारली, हे कोण समजून घेईल?"

मी त्याला आमच्या मिस्त्रीने सांगितलेलं सगळं समजावलं. प्लेटा कोरड्या होत्या, तेल साधं होतं, वायसर घालून दाबल्या होत्या. तू शंभर आठ काढले असते तरी त्या सुटल्या नसत्या. तुझ्या आठांनी दोष गेला नसता.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "दोष गेला नसता म्याडम. पण मोकळ्या जागी हळू फिरवली असती तर ठोके मले ऐकू आले असते न. रिकामी गाडी, इंजिन हळू. ऐकू आलं असतं तर मी तिथंच उभी केली असती."

मी त्याला जायला सांगितलं.

नंतर कळलं की त्याने टिप्पर सोडला. काटोलला फळबाजारात पेट्या उचलतो. मृत बाईचा नवरा एकदा येऊन म्हणाला, "आधी एक होता, आता दोन झाले म्हणता. एकाले तरी धरून ठेवा." त्याचं बरोबर होतं. दोष वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका लहान येतो की कोणालाच जड वाटत नाही. या केसमध्ये तो एकालाच जड वाटला, आणि तो कायद्याने निर्दोष होता.

केसने मला काय शिकवलं म्हणाल तर कबुली ऐकून लेखणी उचलू नये, हे मला आधीही येत होतं. नवीन एवढंच कळलं की खोट्या कबुलीच्या खालीही एखादी खरी असू शकते. तपास खोटी खोडून काढतो. खरीचं काय करायचं, हे कुठल्या नियमपुस्तिकेत नाही.

आज दुपारी सरकारी वकिलांचा फोन आला होता. "मॅडम, उद्या समोरचे वकील तो आठांचा प्रश्न नक्की विचारणार. दोष ड्रायव्हरवर ढकलायचा त्यांचा बेत आहे. आपण म्हणा, मला सांगता येणार नाही." मी बघते म्हणाले. साडी हँगरला लावली आणि दिवा मालवला.

इथपर्यंत काल लिहिलं. आज सकाळी साडेदहाच्या आधीच कोर्टात पोचले. ड्रायव्हरची साक्ष मागेच झाली आहे, तरी तो काटोलची पहिली बस धरून आला होता. मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. केस पांढरे झालेत.

मिस्त्रीच्या वकिलाने उलटतपासणीत तो प्रश्न विचारलाच. "आठ काढले असते तर गाडीतला बिघाड अपघाताच्या आधीच ड्रायव्हरच्या लक्षात आला असता, हे तुम्हाला तपासात समजलं होतं की नाही?"

सरकारी वकील माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणाले. "समजलं होतं. ड्रायव्हरनेच सांगितलं होतं."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. वकील समाधानाने खाली बसले. मी बाकाकडे पाहिलं. ड्रायव्हरने मान वर केली होती. इतक्या वर्षांत प्रत्येकाने त्याला सांगितलं होतं की तुझं काही चुकलं नाही; त्याचं म्हणणं खरं धरणारं आजवर कोणी नव्हतं. त्याने दोन्ही हात जोडले, नमस्कार करावा तसे, आणि परत गुडघ्यांवर ठेवले.

मी साक्षीखाली सही केली, भत्त्याची पावती घेतली आणि घरी आले.